होसूरचा गॅस

शुक्रवार पेठ, सोलापूर
१९ डिसेंबर १९७३

सोमलिंग,

सिद्धरामेश्वर तुला थोडी बुद्धी देवो, आज एवढाच आशीर्वाद देते. परवा दुकानासमोर तू जो रिकामा डबा आपटून गेलास तो मी उचलून आत ठेवला आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

काय घडलं ते तू घरी निंगव्वाला तुझ्या पद्धतीनं सांगितलं असशीलच. अक्कानं पाठच्या भावाला चारचौघांत रांगेत उभं केलं, दोन तास तिष्ठत ठेवलं, आणि पाळी आली तेव्हा रॉकेल संपलं म्हणून फळ्या लावल्या. यातलं खोटं काही नाही. फक्त रॉकेल संपलं नव्हतं. मागच्या खोलीत दोन पिंपं भरलेली होती. मला ती तुझ्यासाठी फोडायची नव्हती.

तुम्हा खेड्यातल्या लोकांना वाटतं, दुकानात बसलं की रॉकेल आपोआप येतं. तिकडे अरबांनी तोटी आवळली आणि इकडे माझ्या दारापासून चौकापर्यंत माणसं उभी राहिली. विणकरांच्या बायका उजाडायच्या आत डबे ठेवून जागा धरतात. ज्या मास्तरांनी आजवर कधी मान वळवून बघितलं नाही, ते आता मला जगदेवीताई म्हणतात. यांचा उजवा हात आणि बोलणं गेल्याला दीड वर्ष झालं. हे आतल्या खाटेवर पडून असतात आणि गल्ल्यावर मी बसते. बाईमाणूस परवाना कसा चालवणार म्हणणारे आता माझ्याच मापाकडे बघत उभे असतात. असं दिवसभर उभं राहणाऱ्यांत माझा भाऊही एक दिवस असला तर त्याचं काय बिघडलं?

पण खरी गोष्ट तीही नाही. दिवाळीत मी खण-नारळ घेऊन होसूरला आले होते. आपल्यात भावाच्या मुलीवर पहिला हक्क बहिणीच्या मुलाचा. मी तुझ्या बसव्वाला मागायला आले नव्हते, हक्कानं न्यायला आले होते. तू ओसरीवर गावातल्या चार माणसांत बसला होतास. जोतीराम पाटील होते, मठाचे जंगम होते. त्यांच्यादेखत तू म्हणालास, "अक्का, माजी पोरगी चालत्या माणसाला द्यायची हाय." माझा मल्लिनाथ दारात होता. काठी भिंतीला टेकवून वहाणा काढत होता. पाचव्या वर्षी तापात त्याचा पाय गेला, तेव्हा तूच त्याला खांद्यावर घेऊन गड्ड्याची यात्रा दाखवली होतीस. त्यानं वहाणा पुन्हा घातल्या आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. सोलापूर येईपर्यंत एस.टी.त तो खिडकीकडे तोंड करून बसला.

म्हणून दोन तास उभं राहणं कसं असतं ते तुला कळावं, असं मला वाटलं. तुझे तर दोन्ही पाय चांगले आहेत.

अक्कलकोट रस्त्यावरच्या अकरा गावांचं रॉकेल आपल्या दुकानातून जातं, होसूर त्यातलंच. तुमच्या दुकानदाराला पुढच्या महिन्यापासून निम्मं मिळेल. लोकांनी कारण विचारलं तर काय सांगायचं ते मी त्याला सांगून ठेवलं आहे. तो तुझं नाव सांगेल.

अक्का


शुक्रवार पेठ
२७ जून १९७४

सोमलिंग यास,

तू पत्राचं उत्तर देत नाहीस, तरी तुझ्या बातम्या रोजच्या एस.टी.नं येतात. काल तर बातमीच बैलगाडीत आडवी पडून माझ्या दुकानावरून गेली. एवढी थोरली लोखंडी टाकी. कारखान्यातून होसूरला जायला बाहेरचा रस्ता होता, तो सोडून तू पेठेत आलास. मला दाखवायलाच ना? दिसली हो. येडू हमाल विचारत होता, "वैनी, कुणाचं वो हे पिंप?" मी म्हटलं, "माज्या भावाचं डोस्कं हाय, दुरुस्तीला न्हेलं हुतं." रांग हसली. तूही ऐकलंस, मी पाहिलं.

मग तू गाडी थांबवून भाषण केलंस. "अरबांनी उद्या तोटी पार बंद केली तरी माज्या घरात दिवा लागंल. शेण हाय न्हवं तुमच्यात? मग ह्या बाईच्या दारात कशाला मरताय?" सख्ख्या बहिणीला तू "ही बाई" म्हणालास. एका म्हातारीनं तुला विचारलं, "दोन खोल्यांत म्हस कुटं बांदू, बाबा?" तू कासरा गुंडाळत राहिलास. पण चेहरा असा, की जसा काही देशच तुझ्या गाडीत आहे आणि तू त्याला सोडवून नेतो आहेस.

मी सगळं विचारून घेतलं. विटांची बारा-तेरा हात विहीर खणायची, तीत शेण पाण्यात कालवून सोडायचं, वर ही टाकी पालथी घालायची. शेण कुजून गॅस झाला की टाकी वर उचलते आणि नळीनं तो चुलीपर्यंत येतो. रॉकेलचा थेंब घरात आणणार नाही अशी शपथ तू मठात घेतलीस म्हणे. माझ्या एका रांगेवरून एवढं. बाकी लोक रागावले तर दोन दिवस जेवत नाहीत, माझा भाऊ विहीर खणतो.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. मल्लू दुकानातून उठून तुझ्या गाडीकडे गेला. टाकीचा दोर सैल झाला होता, तो त्यानं काठी खाली टाकून दोन्ही हातांनी आवळला. तू बघितलंस आणि बैलांना हाक दिलीस. तरी घरी येऊन तो मला म्हणतो, "आई, मामाचं बराबर हाय. तेल काय आपल्या घरचं हाय व्हय?" मी त्याला त्या दिवशी वाढलं नाही. त्यानं हातानं घेतलं.

मी घाबरले असं समजू नकोस. घरोघर शेणाचा गॅस झाला तर माझी अकरा गावं जातील, एवढा हिशेब मलाही कळतो. पण तुझ्या दोन बैलांच्या आणि एका म्हशीच्या जिवावर ते होईल असं मला वाटत नाही. दुष्काळात बाकीची जनावरं तू विकलीस ना? तेव्हा अरबांना विचारून विकली होतीस का?

अक्का


शुक्रवार पेठ
२८ नोव्हेंबर १९७४

चिरंजीव सोमलिंग,

सुखी रहा. वर्षानं का होईना, तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मल्लूच म्हणाला, "मामाचं हाय." मी दोनदा वाचलं. माफी तू कुठंच मागितलेली नाहीस. पण "अक्का, तुज्याबिगर ह्या घरातलं कार्य कसं व्हावं" असं लिहिलंस, ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. तू लहानपणी पडलास की आईला सोडून माझ्याकडे रडत यायचास ते आठवलं.

बसव्वाचं जमतंय हे फार चांगलं. आळंदचं घर, मुलगा बँकेत कारकून, आपल्यातलेच, आणि पायांनी धडधाकट. तुला हवं होतं तसं मिळालं. मुलीचं तू एक पान लिहिलंस आणि गॅसचं चार, तेवढं मात्र हसू आलं. निळी ज्योत, धूर नाही, निंगव्वाचे डोळे चुरचुरायचे थांबले, ओसरीवर गॅसची बत्ती लागते आणि गाव बघायला येतं. पाच घरं टाकी बसवायला तयार झाली, तीही गुरुबसप्पा देशमुखांच्या वाड्यासकट. सहा महिन्यांपूर्वी तुला वेडा म्हणणारे आता तुझ्या दारात बसतात. बरं वाटलं असेल. दारात माणसं बसली की कसं वाटतं ते मला माहीत आहे.

थंडीत गॅस कमी पडतो असंही लिहिलंस. पडणारच. गाईचं शेण तू टाकीत घालत नाहीस, ते विभूतीसाठी वेगळं ठेवतोस. आजोबांपासून आपल्या घरची विभूती मठात जाते, ते तू मोडलं नाहीस हे योग्य केलंस. आणि टाकी तपासायला आलेला तो खादीवाला साहेब काय म्हणाला ते वाचून मी एकटीच हसत बसले. घरामागचा नवा संडास टाकीला जोडून टाका, बारा महिने गॅस पुरेल. बसव्वा म्हणाली, "जोडू या की आप्पा, त्यात काय." आणि निंगव्वा म्हणाली, "त्या चुलीवर मी निवद करनार न्हाय, आन तुमी बी तितं जेवायचं न्हाय." म्हणून तू जोडला नाहीस. शिकलेली पोर आणि अडाणी आई यांच्यात तू आईचं ऐकलंस. शहाणा आहेस.

पण असलं कुणाला लिहू नये, सोमलिंग. बहिणीला लिहिलंस म्हणून ठीक.

तुझी अक्का


शुक्रवार पेठ
१७ जानेवारी १९७५

चि. सोमलिंग,

घाईत लिहिते. गड्ड्याच्या यात्रेत आळंदच्या सुंदरम्मा भेटल्या, मुलाची आई. बरोबर आणखी तीन बायका होत्या. मला शोधतच आल्या होत्या. आपल्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न तोच: आत्याला लग्नाचा मुलगा असताना मुलगी बाहेर का जाते, आत्यानं हक्क सोडला का? मी म्हटलं, सोडला. त्यांच्या पदरात खण घातला. मी नाही म्हटलं असतं तर त्या तिथूनच आळंदला परत गेल्या असत्या, हे तू विसरू नकोस.

घर कसं आहे विचारलं. मी म्हटलं, सोनं. मुलगी कशी विचारलं. मी म्हटलं, मॅट्रिक झालेली आहे आणि भाकरी हातावर थापते. सुंदरम्मा सोवळ्याओवळ्याच्या फार आहेत. बाहेरचं पाणी घेत नाहीत, तांब्या बरोबर ठेवतात.

साखरपुड्याला मी आदल्या दिवशी येते. चाळीस पानांचा स्वयंपाक निंगव्वाला एकटीला झेपणार नाही.

अक्का


शुक्रवार पेठ
२१ फेब्रुवारी १९७५

चि. सोमलिंग,

झालं ते फार वाईट झालं. मंगळवारी मी निघाले तेव्हा तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतास, म्हणून लिहिते.

सारखी ती पंगत डोळ्यांसमोर येते. पानं मांडलेली, पुरणाच्या होळग्या वाढलेल्या, कटाच्या आमटीचा वास सुटलेला. मी तुपाची वाटी घेऊन पहिल्या पानापाशी वाकले, आणि सुंदरम्मांनी हात मागे घेतला. "हे गॅसवर केलंय काय?" तू हसत म्हणालास, "न्हाय वो, आज समदं लाकडावर हाय." आता तूच विचार कर. जो माणूस आठ महिने पंचक्रोशीत टाकी मिरवतो, तो पोरीच्या साखरपुड्याला लाकडावर स्वयंपाक करील हे कोण मानणार? त्यांना वाटलं, लपवायचं आहे म्हणून खोटं बोलतोस. मग त्यांनी विचारलं, "संडास टाकीला जोडलाय म्हनं, खरं काय?" तुझं तोंड उतरलं. तिथंच सगळं गेलं. निंगव्वा रडत शपथा घेत होती, पण बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार. तू पहार घेऊन मागच्या अंगणात धावलास, नळी खणून दाखवतो म्हणालास. कोण थांबणार होतं, सोमलिंग? आणि कोण वाकून बघणार होतं?

एकामागून एक उठले. सुंदरम्मांचे यजमान तर कपाळावरची विभूती रुमालानं पुसत निघाले. ती आपल्या घरची विभूती, गाईच्या शेणाची, तू वेगळी जपलेली. पण त्यांना ते कोण सांगणार? होसूरची विभूती यंदा शिवरात्रीला नको, असा मठातून निरोप आल्याचंही काल दुकानात ऐकलं.

त्यांच्या कानावर हे कुणी घातलं मला माहीत नाही. घरात तेव्हा शंभर माणसं होती. मी तर वाढपात होते. तुला एवढं तरी आठवत असेल, की सगळे उठले आणि मी बसले. रिकाम्या पंगतीत एका पानावर बसून तीन होळग्या खाल्ल्या. सगळ्या गावानं बघितलं. आत्यानं आपल्या माणसाला टाकलं नाही, असंच लोक म्हणतील.

आता पुढचं. पंगतीतून मोडलेल्या मुलीला कोण विचारतं, हे मी लिहीत नाही. तुला लिहितावाचता येतं. मल्लू आहे. मी सोडलेला हक्क पुन्हा धरायला तयार आहे. मुलगी माझ्याच रक्ताची, मी तिला बाहेर पडू देणार नाही. अट एकच. टाकी उखडायची, विहीर बुजवायची आणि वर माती चोपून घ्यायची. ज्या घरात तसली टाकी आहे त्या घरची सून मी आणली, असं पेठेत मला म्हणवून घ्यायचं नाही. ते झालं की मला स्वतःच्या हातानं लिही, की मुलगी मल्लिनाथाला देतो.

निंगव्वाला म्हणावं जेवत जा.

तुझी अक्का


शुक्रवार पेठ
१२ मे १९७५

सोमलिंग,

तुझं पत्र पोचलं. "अक्का, टाकी भंगारात घातली. हीर बुजवली. पोरगी तुज्या पदरात घालतो, आता तूच तिची आई. मल्लूला म्हनावं, मामा चुकला." तू हे लिहिशील असं मला वाटलं नव्हतं. निदान वर्षभर तरी ताठ राहशील असं वाटलं होतं. तीन महिनेसुद्धा लागले नाहीत.

तुझी पाच घरंही परत आली. गुरुबसप्पा देशमुखांचा गडी पहिल्या दिवशी डबा घेऊन आला तेव्हा दारातून आत येईना, लाजत होता. मी म्हटलं, ये रे, गेलेली माणसं सगळी इथंच येतात. दुकान पूर्वीसारखं भरलेलं असतं. होसूरला आता पूर्ण माप जातं.

आता माझं उत्तर ऐक. मल्लिनाथाला बसव्वा करायची नाही.

मला ती सून म्हणून नकोच होती. दिवाळीत हवी होती, तेव्हा तू नाही म्हणालास, ते मिटलं. त्यानंतर मला फक्त तुझ्या हातचं पत्र हवं होतं. ते आता माझ्याकडे आहे. ज्यांच्यादेखत तू माझ्या पोराच्या पायावरून बोललास त्या जोतीराम पाटलांना मी ते वाचून दाखवणार आहे. रॉकेलच्या परवान्यासाठी ते बुधवारी येतात.

तुझ्या मनात एक प्रश्न राहिला असेल, तोही सोडवते. सुंदरम्मांना मी सांगितलं. सांगितलं असंही नाही. पंगतीआधी त्या पाय धुवायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, "मागं चला, तितंच संडास बी हाय, गॅसच्या टाकीला लागून." त्या म्हणाल्या, "लागून म्हंजे?" मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढं चालू लागले. पुढचं सगळं त्यांनी स्वतःच समजून घेतलं. तू खादीवाल्या साहेबाचं ते मला लिहिलं नसतंस तर माझ्या डोक्यातही आलं नसतं.

आणि स्वयंपाक लाकडावर होता हे मला ठाऊक होतं. मी पहाटेपासून निंगव्वाजवळ बसले होते. बाभळीची लाकडं ओली होती, फुंकणीनं फुंकून फुंकून माझे डोळे लाल झाले होते. गॅसची तोटी तिनं माझ्यासमोर बंद केली. म्हणाली, "वन्सं, मोठी मान्सं येनार, कोन काय म्हनंल, आजच्या दिवस नगं." त्या सगळ्या स्वयंपाकाला तुझ्या गॅसचा वाराही लागला नव्हता. सुंदरम्मांनी तुला खोट्यात काढलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्या, हक्क सोडलेली, स्वयंपाकघरातून आलेली. माझा शब्द त्यांनी मानला असता. तूही पाहिलंस. बसव्वा दाराआडून पाहत होती. मी हो म्हटलं असतं तर पंगत जेवली असती आणि आज ती आळंदला असती. मी तुपाची वाटी पुढच्या पानाकडे नेली.

मल्लू दारात वहाणा काढत होता तेव्हा त्या ओसरीवरही चार माणसं होती. कुणी एक शब्द काढला नव्हता.

तुला मुलगी चालत्या माणसाला द्यायची होती. आता शोध.

जगदेवी


शुक्रवार पेठ
८ जून १९७५

सोमलिंग,

हे पत्र मल्लूच्या हातून टाकलेलं नाही. येडूला पेटीत टाकायला दिलं आहे.

मल्लू होसूरला येऊन गेला हे मला चार दिवसांनी कळलं. मला पंढरीनाथ वखारवाल्याकडे जातो म्हणाला होता. फाट्यावर उतरून दोन मैल त्या उन्हात चालला, काठी घेऊन. बसव्वा मला हवी आहे, आईचं काय ऐकू नका, असं सांगायला आला होता म्हणे. मला त्यानं हे कधीच सांगितलं नव्हतं. आणि तू काय केलंस? माझं पत्र त्याच्या हातात ठेवलंस. ते मी तुला लिहिलं होतं, त्याला नव्हतं. भावाबहिणीतलं भांडण पोरापर्यंत नेण्याची तुला काय गरज होती?

तो आता जोडभावी पेठेत एका मित्राच्या खोलीवर राहतो. दुकानात येतो, माप देतो, फळ्या लावतो आणि जातो. यांना मात्र आत जाऊन भरवतो. माझ्याकडे पाठ करून बसतो. गेल्या सोमवारी एकदाच बोलला. "आई, तू त्या दिशी सैपाकघरात हुतीस का न्हवतीस, तेवडं सांग." मी म्हटलं, नव्हते. ते पत्र मी रागात लिहिलं, तुझ्या मामाला बोचावं म्हणून लिहिलं. तो म्हणाला, "मामानं तसं लिवून दिलं तर मानीन. तुजं तोंडचं मानायचो न्हाय."

बसव्वानं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्या पायाचं मला कवाच काय न्हवतं. मला कुनी इचारलंच न्हाय." हे त्यानं मला गल्ल्यासमोर उभं राहून, गिऱ्हाइकांदेखत सांगितलं. पण यात माझी काय चूक? विचारायचं तू होतंस, बाप म्हणून. मी तर खण-नारळ घेऊन आले होते. आणि आता ती काय म्हणते, तर त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही, मल्लिनाथानं हवं तर इकडे यावं. बुजवलेली विहीर ती स्वतः उकरते आहे असं ऐकलं. मल्लू रविवारी पाट्या उपसायला जाणार आहे. एक पाय धड नाही आणि हा त्या खड्ड्यात उतरणार. त्याला तू थांबव.

तो माझा एकुलता एक आहे, सोमलिंग. हे जे काही मी केलं ते त्याच्यासाठी केलं. तो माझ्याकडे बघत नाही हे मला सहन होत नाही. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणालाही लिहिली नसती.

मला तुझ्याकडून एक कार्ड हवं आहे. पाकीट नको, उघडं कार्ड. टपाल दुकानात मल्लूच घेतो आणि तुझं अक्षर तो ओळखतो. मजकूर असा लिही: साखरपुड्याच्या दिवशी अक्का ओसरीवर पाहुण्यांत होती, स्वयंपाकघरात आली नाही, चुलीवर काय होतं ते तिला माहीत नव्हतं. संडासाचं सुंदरम्मांपाशी निंगव्वाच्या तोंडून निघून गेलं, तिनं ते आता कबूल केलं. अक्कानं पत्रात लिहिलं ते रागापोटी. एवढंच. निंगव्वाला वाईट वाटेल, पण ती तुझी बायको आहे, समजावता येईल. तिला सून आणायची नाही आणि दुकान चालवायचं नाही. तिचं काय जातं?

मी हे फुकट मागत नाही. कार्ड आलं की दोन पिंपं होसूरच्या गाडीवर चढवते, तुझ्या नावानं. आणि पाटलांना तुझं पत्र अजून दाखवलेलं नाही. ते मागच्या बुधवारी आले होते, पण दुकानात मल्लू होता. कार्ड आलं तर ते फाडून टाकीन.

गुरुवारपर्यंत पोचलं पाहिजे. उशीर करू नकोस. मल्लू आज ना उद्या माझा राहील नाहीतर तुमचा होईल, पण बसव्वा त्याला मिळणार नाही, हे मी बघेन. मग तिला कधी ना कधी दुसरं स्थळ येईल. ते लोक रीतीप्रमाणे आधी माझ्याकडे येतील, मुलीची आत्या म्हणून. त्यांना काय सांगायचं ते मी तुझं कार्ड वाचून ठरवीन.

जगदेवी